धाप वयाची नसते

जुनाट खोकला आणि धाप यांविषयी आलेल्या पत्रांतली काही निवडून इथे उत्तरं देत आहोत. बहुतेक पत्रांत एक वाक्य आहेच: ‘आता वय झालं, दम लागणारच.’ वयामुळे चाल मंदावते हे खरं. पण बरोबरीची माणसं गप्पा मारत पुढे जातात आणि आपल्याला मध्येच थांबून श्वास घ्यावा लागतो, हे वयाचं लक्षण नव्हे. त्याला कारण असतं आणि ते मोजून काढता येतं.

वडील ६२ वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं विडी ओढतात, रोज वीस-पंचवीस. सकाळी उठल्यावर अर्धा तास खोकतात, बेडका पडतो. वर्षभरापासून जिना चढताना मध्येच थांबावं लागतं. छातीचा एक्स-रे काढला, त्यात काही निघालं नाही. तरी डॉक्टर स्पायरोमेट्री करा म्हणतात. एक्स-रे चांगला असताना ही तपासणी कशाला? — एक वाचक, सिन्नर

एक्स-रे हा फोटो आहे. क्षय, न्यूमोनिया, गाठ असलं काही शोधायला तो लागतोच, तुम्ही काढलात ते योग्यच केलं. पण फुप्फुसातली हवा किती वेगानं बाहेर पडते हे फोटोत दिसत नाही आणि तुमच्या वडिलांची अडचण बहुधा तिथेच आहे. सीओपीडी म्हणजे फुप्फुसाच्या दीर्घकालीन अडथळ्याच्या आजारात सुरुवातीची कित्येक वर्षं एक्स-रे जवळजवळ नेहमीसारखाच येतो.

आत काय बिघडतं ते पाहू. धुरानं श्वासनलिकांचं अस्तर सुजतं, त्यातल्या ग्रंथी वाढून जास्त कफ करू लागतात. हा कफ वर ढकलणारे केसासारखे सूक्ष्म तंतू धुरामुळे लुळे पडतात. म्हणून रात्रभर साचलेला कफ सकाळी खोकून काढावा लागतो. लागोपाठ दोन वर्षं, दर वर्षी निदान तीन महिने खोकला आणि बेडका असेल तर त्याला जुनाट ब्रॉन्कायटिस म्हणतात. दुसरा बिघाड त्याहून खोल, वायुकोशांमध्ये, म्हणजे हवेच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये होतो. वायुकोशांच्या लवचीक भिंती बारीक नळ्यांना चहूबाजूंनी ताणून उघड्या धरतात, मांडवाच्या दोऱ्या कापडाला धरतात तशा. धुरामुळे फुप्फुसात जमणाऱ्या पांढऱ्या पेशींमधून जी विकरं सुटतात ती या भिंती विरघळवतात. दोऱ्या तुटल्या की श्वास सोडताना नळी मिटते आणि हवा आतच कोंडते. रुग्ण सांगतो, ‘श्वास आत जात नाही’. खरं तर जुनी हवा बाहेर निघालेली नसते, म्हणून नव्या हवेला जागा नसते. जिना चढताना श्वास भराभर घेतला जातो, सोडायला वेळ कमी मिळतो, कोंडलेली हवा आणखी वाढते आणि पाय थांबतात.

स्पायरोमेट्री नेमकं हेच मोजते. नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी धरायची, ओठ घट्ट मिटायचे. छाती पूर्ण भरून श्वास घ्यायचा आणि एका झटक्यात, जितक्या जोरात जमेल तितक्या जोरात फुंकायचं. फुंक निदान सहा सेकंद चालू ठेवायची. शेवटी हवा संपल्यासारखी वाटली तरी फुंकणं थांबवायचं नाही. चूक बहुतेक इथेच होते: माणूस दोन-तीन सेकंदांत थांबतो, किंवा मेणबत्ती विझवल्यासारखी हलकी फुंक मारतो, आणि अहवाल निरुपयोगी ठरतो. निदान तीन चांगल्या फुंका लागतात आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या दोन एकमेकींशी जुळाव्या लागतात. मग श्वासनलिका उघडणाऱ्या सालब्युटामॉल या औषधाच्या पंपाचे चार पफ देऊन, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा सगळं करतात. हा दुसरा भाग टाळलेला अहवाल घेऊ नका, निदान त्याच्यावरच होतं.

अहवालात एक गुणोत्तर शोधा: पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा भागिले एकूण बाहेर पडलेली हवा. समजा वडिलांनी एकूण ३ लिटर हवा फुंकली आणि त्यातली पहिल्या सेकंदात दीडच लिटर निघाली, तर गुणोत्तर ०.५० झालं. औषधानंतरही ते ०.७० च्या खाली राहिलं तर अडथळा कायमचा आहे असं धरतात. आजार किती पुढे गेला हे पहिल्या सेकंदातली हवा त्या वयाच्या, उंचीच्या माणसाच्या अपेक्षित आकड्याच्या किती टक्के आहे यावर ठरतं: ८० किंवा जास्त म्हणजे सौम्य, ५० ते ७९ मध्यम, ३० ते ४९ गंभीर, ३० च्या खाली अतिगंभीर.

जाण्याआधी सैल कपडे घाला, पोटभर जेवून जाऊ नका, तासभर आधीपासून विडी नको. पंप चालू असेल तर तो किती तास आधी थांबवायचा हे विचारून घ्या. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला असेल किंवा डोळ्याचं, पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर ते आधी सांगा, कारण फुंकताना दाब वाढतो. वडिलांना पूर्वी कधी टीबी झाला असेल तर तेही सांगा. बरा झालेला टीबीसुद्धा नळ्या अरुंद करून ठेवू शकतो.

आणि एक हिशेब. आपल्याकडे डॉक्टर रोजच्या विड्यांची संख्या गुणिले वर्षं असा धूम्रपान निर्देशांक काढतात. ३०० च्या वर गेला की तो जास्त मानतात. रोजच्या २५ विड्या धरल्या तर तुमच्या वडिलांचा १००० येतो. हा आकडा पाहूनच डॉक्टर आग्रह धरत आहेत.

विडीत कागद नसतो, पान असतं, तंबाखूही सिगारेटपेक्षा कमी. मग ती कमी घातक नाही का? — विडी कामगार कुटुंबातील एक वाचक, सोलापूर

नाही. विडीत साधारण ०.२ ग्रॅम तंबाखू असतो, सिगारेटच्या तुलनेत बराच कमी, हे बरोबर. पण तेंदूच्या पानातून हवा आत झिरपत नाही आणि विडी सारखी विझते. ती पेटती ठेवायला माणूस झुरके जास्त वेळा आणि जास्त खोल मारतो. तंबाखू कमी असूनही डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी जात नाही, बऱ्याचदा जास्तच जातो. फिल्टरची किंवा ‘लाइट’ नावाची सिगारेटही सुरक्षित नाही. तिथेही माणूस झुरका लांबवून निकोटिनची भरपाई करतो. घरी विड्या वळताना उडणारी तंबाखूची धूळ हा वेगळा त्रास आहे. काम दारात किंवा अंगणात करा, नाका-तोंडाला ओला रुमाल बांधा, सूप झोपायच्या खोलीत ठेवू नका.

सीओपीडीचं निदान झालंय. फुप्फुसं पुन्हा भरून येत नाहीत म्हणतात. मग आता साठाव्या वर्षी सिगारेट सोडून काय मिळणार? — एक वाचक, ठाणे

तुटलेले वायुकोश परत येत नाहीत, हे खरं आहे. सोडून जे मिळतं ते म्हणजे पुढच्या उताराचा मंदावलेला वेग.

अमेरिका आणि कॅनडात सौम्य ते मध्यम अडथळा असलेल्या सुमारे ५,९०० धूम्रपान करणाऱ्यांवर एक मोठा अभ्यास झाला, त्यांना ११ वर्षांनी पुन्हा मोजलं. सोडलेल्या पुरुषांची पहिल्या सेकंदातली हवा दर वर्षी सरासरी ३० मिलीलिटरनं घटली. हा वेग कधीच न ओढणाऱ्या माणसाइतकाच आहे. ओढत राहिलेल्यांची दर वर्षी ६६ मिलीलिटरनं घटली. आज तुमचा आकडा दीड लिटर आहे असं धरा. ओढत राहिलात तर दहा वर्षांनी साधारण ८४० मिली उरेल, सोडलीत तर १,२००. कागदावर फरक ३६० मिलींचा. घरात तो असा दिसतो: एक जण बाजारातून भाजी घेऊन येतो, दुसऱ्याला आंघोळ करून कपडे घालतानाही बसावं लागतं. म्हणून साठाव्या वर्षी सोडणं उशिराचं वाटत असलं तरी फुकट जात नाही, आणि सत्तराव्या वर्षीही जात नाही.

सोडण्याचं म्हणाल तर एक तारीख ठरवा, पुढच्या पंधरा दिवसांतली. निव्वळ निश्चयावर सोडणारे बरेच जण पहिल्या आठवड्यात परततात, कारण तलफ पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असते आणि चिडचिड, झोप उडणं हे दोन ते चार आठवडे चालतं. त्यासाठी औषध घेण्यात कमीपणा काही नाही. निकोटिनचा गम घेणार असाल तर उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणाऱ्यांना ४ मिलिग्रॅमचा, बाकीच्यांना २ मिलिग्रॅमचा. तो च्युइंगमसारखा चघळायचा नाही. सावकाश चावा, जीभ चुरचुरायला लागली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या, चुरचुर गेली की पुन्हा चावा, असं अर्धा तास. भराभर चघळला तर निकोटिन पोटात जातं, उचक्या लागतात, जळजळ होते आणि लोक ‘गम सोसत नाही’ म्हणून सोडून देतात. आधीची पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत नको. डॉक्टर व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्या देतील तर त्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू होतात आणि साधारण १२ आठवडे चालतात. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. सोडल्यावर काही आठवडे खोकला वाढू शकतो, कारण लुळे पडलेले तंतू कामाला लागून कफ वर ढकलू लागतात. ‘ओढत होतो तेव्हाच बरा होतो’ हा निष्कर्ष या दिवसांत काढू नका. दुसरी गोष्ट अनेकांना कुणी सांगतच नाही: दम्यासाठी डेरिफायलिन किंवा थिओफायलिनची गोळी चालू असेल तर सोडण्याआधी डॉक्टरांना कळवा. धुरामुळे यकृत हे औषध भराभर संपवतं. धूर थांबला की तेच औषध रक्तात साचू लागतं. मळमळ, छातीत धडधड, हात थरथरणं सुरू होतं आणि दोष सिगारेट सोडण्यावर जातो. डोस कमी करायचा असतो, सिगारेट परत धरायची नसते.

आईनं आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही. तरी डॉक्टर सीओपीडी म्हणतात. चुकीचं निदान तर नाही? — एक वाचक, चंदगड

पंप दिल्यानंतरच्या स्पायरोमेट्रीवर ठरवलं असेल तर निदान चुकीचं म्हणता येणार नाही. श्रीमंत देशांत सीओपीडीच्या ७० टक्क्यांहून जास्त रुग्णांत कारण धूम्रपान असतं. आपल्यासारख्या देशांत हे प्रमाण ३० ते ४० टक्केच आहे, आणि उरलेल्यांत चुलीसमोर आयुष्य काढलेल्या बायकांचा वाटा मोठा आहे. लाकूड, गोवऱ्या, तुराट्या यांचा धूर फुप्फुसात तेच करतो जे विडीचा करतो. ‘बाईमाणसाला सीओपीडी कसा होईल’ या समजुतीपायी कित्येक आयांना वर्षानुवर्षं नुसती खोकल्याची बाटली मिळते.

गॅस घरात असूनही भाकरीला आणि आंघोळीच्या पाण्याला चूल आणि बंब पेटतात, हे कोल्हापूरपासून कोकणापर्यंत सगळीकडे आहे. सुरुवात बंबापासून करा, तो स्वयंपाकघरातून अंगणात न्या किंवा पाणी गॅसवर तापवा. चूल ठेवायचीच असेल तर सरपण पावसाळ्याआधी तोडून कोरडं साठवा. ओलं लाकूड जळत नाही, धुमसतं, आणि धुमसण्यातच धूर सर्वांत जास्त. धुराड्याचा पाइप छपराच्या वर निघाला पाहिजे. वळचणीखाली सोडलेला धूर वाऱ्यानं परत आत येतो. काजळी महिन्यातून एकदा झाडा, नाहीतर धुराडं असून नसल्यासारखं. तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करत असाल तर ते त्या घरात पूर्ण बंद करा. रात्री डास मारायची कॉइलही नको. एक कॉइल पूर्ण जळली की ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असं मोजलेलं आहे. मच्छरदाणी लावा.

डॉक्टरांनी कॅप्सूलचा पंप दिलाय. शेजारी म्हणतात याची सवय लागते, शेवटचा उपाय असतो. शिवाय घेऊनही फारसा फरक पडत नाही. — एक वाचक, अकोला

सवय लागत नाही. पंप थेट नळ्यांवर काम करतो, म्हणून गोळीच्या तुलनेत मात्रा अगदी थोडी पुरते. सालब्युटामॉलच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम असतात, गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची, म्हणजे वीस ते चाळीस पट. ‘शेवटचा उपाय’ म्हणून पंप टाळणारा माणूस प्रत्यक्षात मोठी मात्रा पोटातून घेत असतो.

फरक पडत नाही त्याचं कारण बहुधा पद्धतीत आहे. कॅप्सूल गिळायची नसते. तरी गिळणारे रुग्ण भेटतात, कारण दुकानात कुणी दाखवून दिलेलं नसतं. कॅप्सूल यंत्रात बसवा, फिरवून किंवा टोचून उघडा. तोंड बाजूला करून श्वास पूर्ण सोडा. यंत्रात फुंकलात तर श्वासाच्या ओलाव्यानं पूड गोळा होते. मग ओठ घट्ट धरून जोरात आणि खोल ओढा. दहा सेकंद श्वास धरा. दहा सेकंद श्वास धरा. पावसाळ्यात कॅप्सूल डबीतून आधी काढून ठेवू नका, घ्यायच्या क्षणीच काढा.

फवाऱ्याचा पंप असेल तर ओढण्याची पद्धत उलट: हलवा, श्वास सोडा, एकदाच दाबा आणि सावकाश ओढा. पफ दुसरा घ्यायचा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून पुन्हा हलवा. दाबणं आणि ओढणं एका वेळी जमत नसेल, आणि साठीनंतर बऱ्याच जणांना जमत नाही, तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, घ्या. तो न लावता औषध जिभेवर आणि घशातच बसतं. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि न पुसता सुकू द्या. फडक्यानं घासला की प्लास्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध भिंतींना चिकटतं. औषधात स्टेरॉइड असेल तर प्रत्येक वेळी चूळ भरून पाणी थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. पुढच्या भेटीला पंप सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर घेऊन दाखवा. ‘घेतो’ म्हणणं आणि नीट घेणं यांत फार अंतर असतं.

यजमानांना चालताना धाप लागते. बोटाच्या ऑक्सिमीटरवर ९३ येतात. ऑक्सिजनचं यंत्र घरी आणावं का? — एक वाचक, नागपूर

९३ ला ऑक्सिजन लागत नाही. धाप आणि ऑक्सिजनची कमतरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीओपीडीतली धाप कोंडलेल्या हवेची असते आणि ती ऑक्सिजननं निघत नाही. प्रकृती स्थिर असतानाही आकडा ८८ किंवा त्याच्या खाली राहत असेल, आणि धमनीच्या रक्ताच्या तपासणीनं त्याला दुजोरा मिळाला, तरच घरी ऑक्सिजन देतात. तोही दिवसात निदान १५ तास. ‘वाटलं तर अर्धा तास’ घेतल्यानं काही साधत नाही. यजमान अजून ओढत असतील तर एक लक्षात ठेवा: ऑक्सिमीटर रक्तातल्या कार्बन मोनॉक्साइडला ऑक्सिजन समजतो, त्यामुळे नुकत्याच सिगारेट ओढलेल्याचा आकडा खोटा चांगला दिसतो. पुढे कधी ऑक्सिजन लागलाच तर त्या खोलीत गॅस, निरांजन, उदबत्ती, पेटलेली काडी काहीही नको.

आज त्यांना उपयोगी पडेल ते ओठ आवळून श्वास सोडणं. नाकानं दोन अंक मोजेपर्यंत श्वास, मग शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून चार अंक सावकाश सोडणं. तोंडातल्या दाबानं नळ्या मिटत नाहीत, कोंडलेली हवा निघते. जिना चढताना पायरीवर पाय टाकताना श्वास सोडायचा. धरून ठेवायचा नाही. धाप लागली तर कोपर गुडघ्यांवर टेकून पुढे झुकून बसावं. आणि चालणं थांबवू नका. धापेच्या भीतीनं बसून राहिलं की मांड्या बारीक होतात आणि अशक्त स्नायूंना त्याच कामाला जास्त ऑक्सिजन लागतो. सपाट रस्त्यावर, लागेल तिथे थांबत, रोज दहा मिनिटांपासून सुरुवात करा.

दर पावसाळ्यात सासऱ्यांना दवाखान्यात ठेवावं लागतं. आधी काही करता येईल का? — एक वाचक, रत्नागिरी

फ्लूची लस दर वर्षी, पाऊस सुरू होण्याआधी. न्यूमोकोकसची लस वेगळी असते, ती राहिली असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. नेहमीचे पंप ‘आता बरं आहे’ म्हणून बंद करू नका.

सीओपीडी उसळताना एक-दोन दिवस आधी खुणा देतो: बेडका वाढतो, पांढऱ्याचा पिवळा-हिरवा होतो, नेहमीच्या अंतरावर जास्त धाप लागते. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. या टप्प्यावर पाच दिवसांच्या औषधांत बरेचदा भागतं. ओठ निळसर होणं, एक वाक्य सलग बोलता न येणं, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं यांपैकी काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. गुंगीला ‘झोप लागली’ समजू नका, ती रक्तात साचलेल्या कार्बन डायऑक्साइडची असू शकते. रुग्णवाहिकेत चढवतानाच ‘सीओपीडी आहे’ असं मोठ्यानं सांगा. अशा रुग्णाला ऑक्सिजन मोजून, आकडा ८८ ते ९२ मध्ये राहील इतकाच द्यायचा असतो. पूर्ण उघडून दिला तर कार्बन डायऑक्साइड आणखी चढू शकतो. शेवटचा स्पायरोमेट्रीचा अहवाल आणि चालू पंप एका पिशवीत घालून दारामागे अडकवून ठेवा.